चहाआधी मिटलेले डोळे

मी शाळेत गेली नाही. अक्षरं शिकली ती लग्न होऊन अमरावतीत आल्यावर, चर्चच्या पाळकबाईंच्या ओट्यावर बसून, आणि तीही पवित्र शास्त्र वाचता यावं एवढ्यासाठी. त्यामुळे बोलते तशीच लिहिते. इकडचं तिकडचं मधे आलं तर रागावू नका.

सांगायचं आहे एका कप चहाचं, आणि माझ्या नातीचं.

आमच्या घरी ताट समोर आलं की आधी डोळे मिटायचे, दोन वाक्यं प्रार्थना, मग घास. चहाचंही तेच. मी प्रार्थना करायची आणि तिनं आमेन म्हणायचं, हे नातीनंच ठरवलं होतं, चार वर्षांची असताना. फार भूक लागली असली की माझी प्रार्थना अर्ध्यात असतानाच पोरगी आमेन म्हणून मोकळी! मी म्हणायची, "अगं, देवाले ऐकू तं दे." ती म्हणायची, "त्याले माहीत आहे, आज वांग्याची भाजी आहे."

बारावीनंतर अकोल्याला नर्सिंगला तिचा नंबर लागला. लागला तो आमच्या जातीच्या राखीव जागेवर. हे जरा समजावून सांगते. मी आणि आमच्या यांनी बाप्तिस्मा घेतला तो लग्नानंतर. पण शाळेच्या दाखल्यावर सासऱ्यांच्या वेळची जात आणि धर्म तसाच चालत आला, मुलाच्या आणि नातीच्याही. आणि कायदा असा, की आमच्या जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की ती सवलत जाते. म्हणजे बाप्तिस्म्याच्या पाण्यानं जात धुतली जाते. मूर्तिजापूरकडच्या माझ्या माहेरच्या गावाला हा कायदा कोणी सांगितला नसावा. बाप्तिस्म्यानंतरही तिथे मला पाणी वरूनच ओतत होते.

जातपडताळणीच्या चौकशीला साहेब घरी येणार असं कळलं. मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. एरवी बसत नाही.

"माय, देव्हारा मांड म्हणत नाही मी. फक्त भिंत रिकामी कर. अन् तू काही बोलू नोको."

"अन् त्यानं विचारलं तं?"

"तुले कायले विचारते? मी बोलीन."

मी हो म्हटलं. कोणी जबरदस्ती केली नाही, हे लिहून ठेवते. क्रूस मी स्वतः काढला. वचनाचं कॅलेंडर काढलं. बाप्तिस्म्याच्या दिवसाचा आमच्या यांचा फोटो काढला. शास्त्र टॉवेलात गुंडाळून ज्वारीच्या डब्यात ठेवलं. भिंतीवर खिळे राहिले आणि पांढरे चौकोन. शेजारीण डोकावून म्हणाली, "काहून वं बाई, भिंतीचं मुंडण केलं काय?" मी हसली. त्या दिवशी फार हसली मी, उगीचच.

साहेब आले. पन्नाशीचे, साधे, घामाघूम. चप्पल बाहेर काढून आत आले, मला नमस्कार केला. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं असं आता वाटते. कुलदैवत कोणतं, लग्न कसं लावता, माणूस गेल्यावर काय करता, असं विचारत होते. मुलगा पाठ केल्यासारखा सांगत होता. मी खाली बघत होती. आमचे हे गेले तेव्हा पेटीवर माती टाकताना याच मुलानं माझा हात धरला होता, आणि आता तो दहाव्याचं सांगत होता.

नातीनं पोहे आणले, मग चहा. आधी साहेबांना, मग मला.

आणि माझे डोळे मिटले.

मी मिटले नाहीत, मिटले गेले. चाळीस वर्षांची सवय. मान खाली गेली, ओठ हलले. "बापा, तुझ्या नावानं" एवढं झालं आणि खोलीत एकदम शांत वाटलं. डोळे उघडले तर साहेब माझ्याकडे बघत होते.

"काय झालं आजी? बरं नाही वाटत का?"

मी बोलायच्या आत नात बोलली, "आजीले चक्कर येते. बीपी आहे तिले."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. "हो का आजी? चक्कर आली?"

सुटायला दार उघडून दिलं होतं त्यांनी. फक्त मान हलवायची होती. मी म्हटलं, "नाही साहेब. प्रार्थना केली."

ही हिंमत नव्हती हो. देवाशी बोलत होती, तेच तोंड होतं. खोट्याला जागेवर यायला वेळ लागतो, तेवढा वेळ मिळाला नाही. अर्धं मिनिट मिळालं असतं तर मीही चक्करच सांगितली असती. हे मी देवालाही सांगितलं आहे.

मुलानं कप खाली ठेवला. साहेबांनी चहा पूर्ण प्यायला, नातीला म्हणाले, "चहा चांगला झाला बाई." मग वहीत लिहिलं. बराच वेळ लिहीत होते.

ते गेल्यावर मुलगा एवढंच म्हणाला, "बोलणार नाही म्हटलं होतं तू." सून म्हणाली, "राहू द्या आता." नात दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. रडत नव्हती. तिनं विचारलं, "आजी, एक दिवस तुये डोळे उघडे राहिले असते तं देव मेला असता काय?"

मी कपबशा उचलून मोरीवर नेल्या.

पुढे पडताळणीचं पत्र आलं आणि ती जागा गेली. चर्चच्या मंडळीत ही गोष्ट पसरली. एका रविवारी पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला उभं केलं. लोक म्हणाले, बाई विश्वासात टिकली. टाळ्या वाजल्या. मला वाटलं जमिनीत जावं. टिकली मी, आणि भोगलं कोणी? शास्त्रात लिहिलं आहे की आपला क्रूस आपण उचलावा. मी माझा उचलला आणि एकोणीस वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर ठेवला. कोणीतरी तिला विचारायला पाहिजे होतं ना? ती त्या रविवारी आली नव्हती. त्यानंतर ती चर्चला आलीच नाही.

आता ती साडीच्या दुकानात जाते. दिवसभर उभी असते, संध्याकाळी पाय सुजतात. मी तेल लावायला गेली तर पाय ओढून घेते. "राहू दे आजी," म्हणते. ओरडत नाही. ओरडली असती तर बरं.

मधे काही दिवस मी प्रार्थना बंद करून पाहिली. खरंच सांगते. ताट आलं की सरळ घास घ्यायचा. घास तोंडात फिरायचा, खाली उतरायचा नाही. चौथ्या दिवशी ज्वारीच्या डब्यातून शास्त्र काढलं, साहेब आले तेव्हापासून ते तिथेच होतं. टॉवेल सुटला होता, पानांत ज्वारीचे दाणे अडकले होते. एकेक वेचला. क्रूस पुन्हा लावला. त्याला मी म्हटलं, तुझ्यावर माझा राग आहे. पण तुला सोडून हा राग तरी कोणापाशी सांगू?

ताट अजून नातच वाढते, ते तिनं सोडलं नाही. समोर ठेवते आणि आत निघून जाते. मी डोळे मिटते. बापा, तुझ्या नावानं. तिच्या पायांना आराम दे. तिला दुसरं काही चांगलं दे. माझ्यावर तिचा राग असू दे, पण तुझ्यावर नको ठेवू देऊ.

मग मी थांबते. डोळे लगेच उघडत नाही. एक आमेन म्हणायला लागते तेवढी थांबते, कान स्वयंपाकघराकडे लावून.

मग भाकरी मोडते.