ये म्हणजे जा

माझ्या वकिलीतलं सगळ्यात गाजलेलं यश माझ्या येडपटपणातून आलं. बायकोला ते माहीत आहेच, तेव्हा इथं लपवून काय उपयोग?

वर्ध्यात एका बड्या कंपनीच्या नावाचं पिझ्झाचं दुकान. पाटी कंपनीची, मालक इथला. बोरगाव मेघेची एक बाई दुकान उघडल्यापासून तिथं ओव्हनवर. एक दिवस सुट्टीवरून वाजलं आणि मालक तिला म्हणाला, "बस झालं. ये तू आता." ती रडतच माझ्याकडे आली. "मले भांडण नाई पायजे, सायेब. मले माहं काम पायजे."

मला चेव चढला. 'ये तू आता' असे म्हणून कामावरून काढले, असं मी अर्जात जसंच्या तसं लिहिलं. आपल्याकडे 'ये आता' म्हणजे चालता हो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण ते समजावणारं एक वाक्य टाकायचं मला सुचलं नाही.

कंपनीनं हात झटकले, ही आमची कामगारच नाही म्हणे. मालकाचा वकील तर खुदकन हसला. "काढलं कुठं? आमचे पक्षकार 'ये' म्हणाले. तीच आली नाही, तिनंच काम सोडलं." घ्या! त्याचा बचाव मीच टाइप करून दिला होता. बाई माझ्याकडे बघून राह्यली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मालकाच्या उलटतपासणीत मी घसा बसेस्तोवर भांडलो.

"ये म्हणजे काय?"

"ये म्हणजे ये."

"मग ओरडून काऊन म्हणालात?"

"माहा आवाजच तसा आहे जी."

डोक्याचं पार दही झालं. वैतागून फाइल मिटली आणि मालकाला म्हणालो, "ठीक आहे. या तुम्ही आता."

मालक पिंजऱ्यातून उतरला, मला नमस्कार केला आणि सरळ दाराकडे निघाला.

मला काही म्हणजे काही कळलं नाही. मी पेनाचं टोपण शोधत होतो. न्यायाधीशांनीच हाक मारली, "अहो, थांबा. वकीलसाहेब तुम्हाला या म्हणाले. तुम्ही चाललात कुठं?"

सगळं कोर्ट हसलं. मालकही हसला आणि मग त्यानं एकदम जीभ चावली. मी मात्र सगळं ठरवूनच केल्यासारखा कोट नीट केला. बार रूममध्ये अजून कुणी त्या डावाबद्दल विचारलं, की मी बेशरमासारखा गालात हसतो.

जेवणाच्या सुट्टीत मालकाच्या वकिलानं आपणहून समझोत्याचं बोलणं काढलं. बाहेर कडुनिंबाखाली मालक बाईला म्हणाला, "बरं, ये मंग."

ती जागची हलली नाही. "म्हणजे कसं? येऊ का जाऊ?"

मालकानं मान खाली घातली. "दुकानात ये. उद्या कामाले येजो, बाई."

तेव्हा कुठं तिनं पदर डोळ्यांना लावला. मग पिशवी उचलून ती म्हणाली, "येतो, सायेब."

"ये," मी म्हणालो. आणि घाबरून लगेच जोडलं, "म्हणजे... जा!"