मशीन बंद, कारण सांगा

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की आमच्या कारखान्यातल्या, पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या प्रेसशॉपमधलं शिंदेमामांचं मशीन आज सकाळपासून सारखं थांबतंय, आणि त्याचं कारण शोधण्याची जबाबदारी साक्षात माझ्यावर येऊन पडली आहे!

आमच्याकडे मशीन थांबलं की त्याचं कारण चारांपैकी एका रकान्यात बसवावं लागतं: वीज, साचा, माल किंवा माणूस. मी मामांच्या कानाशी ओरडलो, "काय झालं?"

"माल नाही!" तेही ओरडले. मालाने भरलेली पेटी त्यांच्या गुडघ्याला टेकली होती. पुढच्या वेळी म्हणाले, "साचा!" साचा ठणठणीत होता. मामा बघत होते शेजारच्या मशीनवरच्या कदमकडे. कदमचा आज इथला शेवटचा दिवस. उद्यापासून तो दूरच्या गावी, दुसऱ्या कारखान्यात.

मशीन थांबलं की आम्ही धावत जाऊन विचारतो, काय झालं? माणूस असा थबकतो, तेव्हा त्यालाही कुणी धावत येऊन विचारावंसं वाटत असेल. मला तर कितीदा वाटलंय.

मामा मशीन सोडून कदमजवळ गेले आणि त्याच्या कानात ओरडू लागले. एवढ्या खडखडाटात माणूस मनातलं बिनधास्त बोलतो. नेमकी तेव्हाच वीज गेली. सगळी मशीनं एकदम गप्प झाली, आणि अख्ख्या शॉपला मामांचा आवाज ऐकू आला,

"अरे गाढवा, उद्यापासून माझ्या डब्यातल्या भाजीला नावं कोण ठेवणार रे?"