बाईंचा उपास

कल्याणच्या ज्या लहानशा प्रसूतिगृहात मी नर्सिंग शिकले, तिथे दर शनिवारी दुपारी उपास असे. अन्नाचा नव्हे, वस्तूंचा. आमच्या मुख्य नर्स, ज्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत, चहाचे कप विसळून झाले की जाहीर करत, “आज नळ नाही.” मग संध्याकाळपर्यंत नळाला हात लावायचा नाही. पुढच्या शनिवारी वीज नाही. त्याच्या पुढे स्टोव्ह नाही. एकदा तर धोबी वारला असं धरून आम्ही चादरी धुतल्या. त्याच वेळी धोबी गाठोडं घेऊन दारात उभा राहिला आणि फार नाराज झाला.

बाईंनी युद्धाच्या वर्षांत मुंबईच्या इस्पितळात काम केलं होतं. तिथे काय पाहिलं ते त्या सांगत नसत. “मूल काही नळाला पाणी आहे का ते विचारून जन्माला येत नाही,” एवढंच म्हणत.

वार ठरलेला आणि वस्तूंची पाळीही ठरलेली, त्यामुळे आम्ही लवकरच हुशार झालो. नळाच्या शनिवारी सकाळीच पिंप, घंगाळी, बादल्या, बाळांना अंघोळ घालायचा टबसुद्धा काठोकाठ भरून ठेवायचो. विजेच्या शनिवारी सगळे कंदील आधीच पुसून, तेल घालून तयार. म्हणजे त्या दिवशी एरवीपेक्षा जास्त चैन. बाईंनी एकदा सगळ्या बादल्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, “एकादशी आणि दुप्पट खाशी.” त्या दिवसापासून उपासाचा वार गेला. कधी बुधवारी भर सकाळी, डॉक्टरीणबाईंच्या हाताला साबण लागलेला असताना नळ बंद होऊ लागला. डॉक्टरीणबाई तशाच हात वर धरून उभ्या राहत आणि आम्ही तांब्या शोधत पळत सुटत असू.

खरं सांगायचं तर याचा उपयोग झाला. दिवाळीपर्यंत आम्हाला चुलीवर अवजारं उकळता येऊ लागली. डोळे मिटून कापूस कुठे आणि कात्री कुठे ते सांगता येऊ लागलं. बाई हे सगळं बघत उभ्या असत, पांढऱ्या पातळाच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचलेला. औषधाच्या कपाटाची किल्ली त्यातच असे. कपाट उघडायचं तर बाईंना हाक मारायची, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की आम्ही किल्लीला नव्हे, बाईंनाच कपाटाचा भाग समजत होतो.

आमची आया खाडीकाठच्या गावातली, तोंडाने फटकळ. ती एकदा लादी पुसता पुसता म्हणाली, “बाय, तुमचा उपास कवा धरायचा?”

“मी कुठे जाते?” बाई म्हणाल्या, आणि आम्ही सगळ्या हसलो. त्याही हसल्या.

जात नसत हे खरंच होतं. पण त्या थंडीत डोंबिवलीला त्यांच्या भाचीच्या मुलीचं बारसं निघालं. बाई सकाळच्या गाडीने गेल्या, दुपारी परत येणार होत्या. जेवणाच्या सुमारास स्टेशनाकडून बातमी आली की मालगाडीचे डबे घसरलेत, गाड्या बंद. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. बाईंना उशीर होईल, इतकंच.

त्याच वेळी आत एक बाई बाळंत होत होती. बैलगाडीतून आलेली, घरी दोन लहान पोरं ठेवून. मुलगा झाला, रडला, सगळं ठीक. पण तिचं रक्त थांबेना. डॉक्टरीणबाईंनी तिचं पोट दाबून धरलं आणि मान न वळवता म्हणाल्या, “इंजेक्शन भरा.”

मी कपाटाशी गेले. कुलूप. मी वळून हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. इंजेक्शन कपाटात होतं आणि किल्ली डोंबिवलीला, पाळण्याशेजारी.

आमचे सगळे उपास झाले होते. हा राहिला होता.

आयाने कुणाला काही विचारलं नाही. स्वयंपाकघरातून लोखंडी बत्ता आणला आणि कोयंड्यावर घातला. दोन-चार घावांत कोयंडा लाकडासकट निघाला. मी इंजेक्शन भरून दिलं. डॉक्टरीणबाईंचे हात बराच वेळ तिच्या पोटावरून हलले नाहीत. मग त्या म्हणाल्या, “थांबतंय.” बाळंतिणीने डोळे उघडले आणि पहिलं हे विचारलं की गाडीच्या बैलांना कुणी पाणी दाखवलं का.

बाई दिवेलागणीच्या आत आल्या, रुळांच्या कडेने डोंबिवलीहून चालत, पातळाला गुडघ्यापर्यंत धूळ, हातात आमच्यासाठी घुगऱ्यांची पुरचुंडी. त्यांनी लोंबणारा कोयंडा पाहिला. काय झालं ते मी सांगितलं. त्या आत गेल्या, त्या बाळंतिणीच्या कपाळावर हात ठेवून बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. तोच बत्ता मागून घेतला आणि कपाटाशेजारी भिंतीत, सगळ्यांचा हात पोचेल असा खिळा ठोकला. जुडग्यातून किल्ली काढून त्यावर अडकवली.

“उद्या माझा उपास,” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या अंगणात पाट टाकून मेथी निवडत बसल्या. आम्ही काही विचारायचं नाही, त्यांनी काही सांगायचं नाही. आत आम्ही धावत होतो आणि बाहेर त्या एकच जुडी पुन्हा पुन्हा निवडत होत्या. दहा वाजायच्या आधीच अंगणातून आवाज आला, “अगं, दूध उतू जातंय!”

“मोडला, बाय,” आया म्हणाली.

“मोडला,” बाई म्हणाल्या. “उद्या पुन्हा धरते.”

तसा तो त्यांनी पुष्कळदा धरला. दुपारपर्यंत पोचलेला मी एकदाही पाहिला नाही. किल्ली मात्र खिळ्यावरून पुन्हा कमरेला गेली नाही.