कमलअक्कांची पट्टी

जळगावात एप्रिलमधली दुपारची झोप हा माझ्या मते घटनादत्त हक्क आहे. परवा दुपारी अडीच वाजता त्या हक्कावर उघड उघड घाला घालण्यात आला.

वरच्या मजल्यावरून पेटीचा एकच सूर... थांबला, पुन्हा तोच. वीस मिनिटं! शेवटी ओढणी खोचून मी जिना चढले.

वर कमलअक्का राहतात, रिटायर्ड नर्स. त्यांचे दीर सुभाषभाऊ पेटी वाजवतात आणि दर चौदा एप्रिलला, जयंतीला, कॉलनीतल्या बायकांची गाणी बसवतात. अक्का कित्येक वर्षं कोरसमध्ये, मागच्या रांगेत. यंदा पहिल्यांदा त्यांना एकटीला गाणं मिळालं होतं.

भांडायला गेले, तर पेटी ऑपरेशन टेबलवरच्या पेशंटसारखी उघडी. धुळ्याहून आलेले करीमभाई तिची दुरुस्ती करत होते, एकेक स्वर तपासून. अक्कांनी माझ्या हातात चहा दिला. आता भांडणार कसं?

सुभाषभाऊ म्हणाले, "पेटी होईल नीट, पण गाणं मोबाईलवरच लावू. वहिनी गायला नाही म्हणतात."

"जाऊ द्या भाऊ," अक्का हसल्या. "मना आवाजच फाटेल शे. बठ्ठा ग्रुप सांगस."

मला ठसका लागला. बठ्ठा म्हणजे सगळा, आणि ग्रुप म्हणजे कॉलनीचा व्हॉट्सॲप ग्रुप... आणि 'वरच्या मजल्यावर भोंगा बसवलाय का?' हे गेल्या आठवड्यात अक्कांचा सराव ऐकून तिथे मीच लिहिलं होतं. चौदा जण हसले होते. चौदाव्या अक्का होत्या.

करीमभाईंनी मान वर केली. "फटता कहाँ है? जरा गाऊन दाखवा."

भाऊंनी सवयीने काळी एक, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी, धरली. अक्का वरच्या स्वरांकडे गेल्या आणि आवाज खरंच चिरकला.

"रुको. ही पट्टी कोणाची?"

"माझी. बोटं बसलीत काळी एकला."

"बोटं तुमची, गळा अक्कांचा. तुमचा शर्ट त्यांना घालता का, भाऊ?"

गाणाऱ्याचा 'सा' कुठे मानायचा, ती त्याची पट्टी. तो एकदा ठरला की बाकीचे सहा स्वर मुकाट त्याच्या मागे चालतात. एवढी साधी गोष्ट... मला या वयात कळली.

करीमभाई म्हणाले, "अक्का, पेटी विसरा. वॉर्डात रडणाऱ्या पोराला झोपवताना कशा गुणगुणायच्या?"

अक्का लाजत गुणगुणल्या. करीमभाईंची बोटं शोधत शोधत काळी चारवर थांबली. "यह रहा तुमचा सा."

मग अक्का पूर्ण गाणं गायल्या. अंतऱ्यात वरचा सा आला, मी श्वास धरला... आवाज सरळ जाऊन तिथे उभा राहिला. भाऊंनी काळी चारवर बोट ठेवून बघितलं.

"मला बोटं बदलायला आठ दिवस लागतील, वहिनी."

"मंग बसा ना आतेच," अक्का म्हणाल्या. आत्ताच म्हणजे आत्ताच; इंजेक्शन देणाऱ्या नर्सचा आवाज होता तो! मोबाईलचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

घरी येऊन जुना मेसेज डिलीट करायला गेले, तर मुदत संपलेली. मग त्याच्याच खाली लिहिलं... 'यंदा कमलअक्का एकट्या गाणार आहेत. आवाज पहिल्यापासून चांगलाच होता, पट्टी चुकीची होती. भोंगा मी होते.'