झाडाच्या वाट्याचं पाणी

"थुक ते पाणी. थुक म्हणतो ना!"

मुकादम समोर उभा होता आणि माझ्या तोंडात थुंकायला काही उरलं नव्हतं. एकच ओंजळ प्याले होते. ती कधीच घशाखाली गेली होती. तरी मी थुंकले. नुसती लाळ पडली, मुरमावर पडली तशी वाळली. मग त्यानं माझ्या पायाजवळची घागर लाथेनं आडवी केली.

"झाड वाळलं तर साहेब इचारतो मला," तो म्हणाला. "तुमचं पोरगं वाळलं तर कोण इचारतंय?"

डोंगरभर बायका कामावर होत्या. सगळ्यांनी ऐकलं. माझी मायही त्यांच्यातच होती. ती खाली बघत राहिली. मुकादमापेक्षा मला मायचाच राग जास्त आला. लहान होते, राग कुठं न्यायचा ते कळत नव्हतं.

दुष्काळाचं साल होतं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. आमचं गाव जळकोटच्या अंगाला, बोडक्या डोंगराखाली. नव्या जिल्ह्याचं आमच्या वस्तीला एवढंच कळलं होतं की उस्मानाबादचा साहेब जाऊन लातूरचा साहेब आला. त्यानं हुकूम काढला, गायरानाच्या डोंगरावर झाडं लावा. हाताला कामही मिळेल, जंगलही होईल. खड्डे खणायला आमच्या बौद्ध वस्तीतल्या बायका. देखरेखीला गावातला मुकादम.

मुरमात पाणी ठरत नाही. म्हणून प्रत्येक रोपाशेजारी एक मडकं गाडायचं, बुडाला भोक पाडून त्यात चिंधी ओवायची. थेंब थेंब पाणी मुळाशी उतरतं. दारातल्या भोपळ्याच्या वेलाला बाया असंच करायच्या. मडकी आमच्याच घरची, काठ फुटलेली. चिंध्या मायच्या लुगड्याच्या. पाणी मात्र गावच्या विहिरीचं. बैलगाडीवरच्या टाकीतून पायथ्याशी यायचं आणि बायकांच्या डोक्यावरून वर चढायचं.

त्या विहिरीवर आम्हाला चढता येत नव्हतं. खाली उभं राहायचं, कुणाला दया आली तर घागर पुढं करायची. त्यांची घागर आमच्या घागरीला लागू नये म्हणून ते उंचावरून ओतायचे. निम्मं पाणी मातीत जायचं. आज्यानं मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं, धर्म बदलला होता, पाणी तेवढं अजून त्यांच्याच हातात होतं.

आणि डोंगरावर? तेच पाणी, आमचीच मडकी. मुकादम स्वतः आमच्या मडक्याच्या तोंडाला घागर टेकवून दाखवायचा. "असं भरायचं. सांडायचं न्हाई." तिथं काही बाटत नव्हतं. लाथ खाल्लेल्या त्या घागरीकडं बघताना मला पहिल्यांदा समजलं. बाट मडक्यात नव्हतीच. आम्ही ते पाणी पिण्यात बाट होती.

घरी जाताना मी मायला टोचलं. "तू गप का बसलीस?"

"झाडं जगू दे गं बाई," ती म्हणाली. "डोंगर हिरवा झाला की आपल्या आडाला पाणी उतरंल. मग त्यांच्या विहिरीचं तोंड बघायचं काम न्हाई."

आमच्या वस्तीचा आड डोंगराच्या बुडाला होता. दिवाळीनंतर त्यात बेडूकसुद्धा राहायचा नाही. माय मुकादमाची झाडं जगवत नव्हती, आमचा आड भरत होती. ते ऐकून माझा तिच्यावरचा राग गेला. मुकादमावरचा मात्र तसाच राहिला, आणि तो राहिला ते बरंच झालं.

झाडं जगली. लिंब, करंज, सीताफळ. डोंगर झाकला गेला तसं तिथं तारेचं कुंपण आलं, पाटी आली, खाकीतला गार्ड आला. माय वाळकी काटकं वेचायला गेली तर त्यानं तिचा इळा काढून घेतला आणि भर उन्हात तिला पाटीखाली बसवलं.

"तुम्ही लोकं शिरलात की जंगलाचं वाटोळं होतं," तो म्हणाला.

माय म्हणाली, "साहेब, ह्या लिंबाच्या बुडी माझं मडकं हाय."

तो हसला. बाईला ऊन लागलं, म्हणाला. मी तिला न्यायला गेले होते, मी ते हसणं पाहिलं. ज्यांनी जंगल लावलं त्यांच्यापासून जंगल राखायचं, असली ती राखण.

पण आड भरला. एका वर्षी होळीपर्यंत पाणी टिकलं, मग पुढं पुढं उन्हाळाभर. वस्तीतली एकही बाई विहिरीखाली घागर घेऊन उभी राहिनाशी झाली. माझं लग्न वस्तीतच झालं, त्यामुळं मी हे रोज बघत आले. मायनं हे डोळ्यांनी बघितलं आणि मगच ती गेली.

आता त्या डोंगरावर खडी केंद्र येणार आहे. सुरुंग लावून डोंगर फोडायचा, खडी करायची. मालक कोण? तोच मुकादम. आता म्हातारा झालाय, पांढरे कपडे घालतो. कुंपण एका आठवड्यात निघालं. पाटी कुठं गेली कुणालाच माहीत नाही. कागदावर ते कधी जंगल नव्हतंच म्हणे, गायरानच होतं. माय काटकं वेचायला गेली तेव्हा ते जंगल होतं. मशीन आलं आणि गायरान झालं. कुंपणच शेत खातं म्हणतात, इथं तर कुंपण खाऊन वर ढेकर देतंय.

दगड बघायला त्यांनी जेसीबीनं एक खड्डा खणला. मी तिथं गेले. उपटलेल्या लिंबाच्या मुळ्यांत मडक्याचं बूड अडकलेलं होतं. चिंधी कधीच कुजली होती. भोक जसंच्या तसं होतं. मी ते पदरात घेतलं.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. आमच्या पोरांना मशीनवर काम देतो म्हणून सांगितलेलं, ती मान खाली घालून मागं बसली होती. पोरांना काय बोलू? काम त्यांनाही हवंच आहे. मी उठून विचारलं, आमच्या आडाचं काय?

"ताई," मुकादम म्हणाला. जन्मात पहिल्यांदा ताई. "इकास म्हणल्यावर थोडं जाणारच की. झाडं काय, आणखी लावता येतात. आड आटला तर गावची विहीर हायच. आता कोण अडवून राहिलंय तुम्हाला?"

कोणीतरी हसलं.

मी पुढं गेले आणि ते बूड मुकादमासमोरच्या टेबलावर ठेवलं.

"हे आमच्या घरचं मडकं," मी म्हणाले. "ह्याला घागर टेकवून तुम्ही पाणी ओतत होता, तवा बाटलं न्हाई. मी ओंजळभर प्याले तर थुक म्हणलात. तवा थुकले मी. आज न्हाई."

त्याला आठवलं की नाही, मला माहीत नाही. मला त्याची गरजही नव्हती. सरपंचानं मंजुरीसाठी हात वर करायला सांगितलं. वस्तीतल्या बायकांनी हात मांडीखाली दाबून धरले. गावातले हात वर गेले, भरपूर गेले. मंजुरी मिळाली. हारलो आम्ही.

सभा उठल्यावर मुकादम म्हणाला, "जा, बस जाऊन डोंगरावर."

बसले आहे. सुरुंगाची भोकं पाडायला जिथं चुन्यानं खुणा केल्यात, नेमकी तिथंच. वस्तीतल्या बायका पाळीपाळीनं येतात, आडाचं पाणी घेऊन येतात. गार्ड येऊन गेला, इथं बसायला मनाई आहे म्हणाला. मशीनवालाही येऊन गेला, तोही तेच म्हणाला. दोघांनाही मी एकच सांगितलं. ह्या डोंगरात आमची मडकी गाडलेली आहेत, आधी मला उचला.

उचलतील. पोलीस आणतील, जीपमध्ये घालतील, सोडतील. मी परत चढेन. पण माझी नात त्या विहिरीखाली घागर धरून उभी राहणार नाही.