पाव पीप डांबराचं सरपण

डांबरशेठ हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, आणि शेठ तर ते सात जन्मांत झाले नसते. चाळीस वर्षं लोकांच्या गच्च्यांवर उकळतं डांबर ओतून गळती बंद करणारा माणूस तो. नखांतला काळा रंग कुठल्याच साबणाने जात नसे. पण रुबाब असा, की लोकांनी चिडवायला शेठ म्हटलं आणि त्यांनी ते मानाने घेतलं. ‘मी हात लावलेलं छप्पर गळत नाही’ हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं, की शेजारी त्यांना लांबून बघूनच रस्ता बदलत.

जगात त्यांचा शत्रू एकच, छपरावर उगवणारं झाड. भिंतीच्या फटीत दोन पानांचं रोपटं दिसलं की ते मुळासकट उपटायचे. मग ती भिंत स्वतःची असो, परक्याची असो की दवाखान्याची. मूळ आधी केसाएवढं असतं, मग बोटाएवढं होतं आणि मग छत फोडतं, हे त्यांचं शास्त्र. अशा माणसाच्या पोटी लेक जन्माला आली ती गच्च्यांवर झाडं लावणारी. दैव चेष्टा करतं तेसुद्धा असं माप घेऊन.

लेक नुसती झाडं लावत नव्हती, त्यांतला कार्बन मोजत होती. गाड्या आणि भट्ट्या हवेत जे सोडतात त्यातला कार्बन झाड ओढून घेतं आणि त्याचंच पान, खोड, मूळ करतं. पान गळून पडलं तरी ते कुजेपर्यंत किंवा जळेपर्यंत कार्बन त्यातच राहतो, आणि कुजतानाही थोडा मातीत मुरतो. शहरात जमीन उरलेली नाही, गच्च्या मात्र रिकाम्या तापत पडल्यात, तर त्यांच्यावर हे साठवावं, असं तिचं म्हणणं. बापाचं म्हणणं वेगळं होतं. कार्बन म्हणजे काजळी, ती आयुष्यभर माझ्या नखांत आहे, मोज म्हणावं.

दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. पाच वर्षांपूर्वी एका सभेत लेकीने सांगितलं होतं, की काळ्या डांबरी गच्च्यांनी शहराची भट्टी केली आहे. शेवटच्या रांगेत डांबरशेठ नवा सदरा घालून बसले होते, लेकीचं कौतुक ऐकायला. ते उठून गेले ते गेलेच. तेव्हापासून एका घरात राहून दोघं एकमेकांशी आईमार्फत बोलत. ‘तुझ्या लेकीला सांग’ आणि ‘तुझ्या नवऱ्याला सांग’ यांत त्या बाईचा जन्म चालला होता. खाण तशी माती. माघार कशाशी खातात हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

लेकीची गच्ची होती सरकारी छापखान्याची. तिथे तिने जाड पानांची झाडं, रानगवत आणि लहान झुडपं लावली होती आणि दोरी बांधून वीस चौकोन आखले होते, प्रत्येक दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद. कोपऱ्याला आकड्याची पत्र्याची पट्टी. पाच वर्षं त्या चौकोनांतलं वाळकं पानही कोणी उचलायचं नव्हतं. पाच वर्षांनी सगळं कापून, वेचून, भट्टीत सुकवून काट्यावर ठेवायचं. ठरलेला आकडा भरला तर शहरातल्या आणखी सहा गच्च्या हिरव्या होणार. नाही भरला तर हीसुद्धा उखडायची. काम देणाऱ्या समितीशी केलेल्या करारात एक कलम होतं, की ज्या चौकोनात झाड उरलं नसेल तो शून्य धरायचा. कलम लेकीनेच घालून घेतलं होतं, कारण जगलेल्याच झाडांची मोजदाद करून शेखी मिरवणारे तिने पुष्कळ पाहिले होते.

शेवटच्या आठवड्यात घात झाला. गवत वाळून सोनेरी झालं होतं. लेक बारा चौकोनांचा माल घेऊन प्रयोगशाळेत गेली, आठ राहिले होते. नेमकं त्याच सकाळी कागदाच्या कोठारात वरून पाणी टपकलं. छापखान्याचा व्यवस्थापक घाबरट माणूस. त्याने शहरातल्या सगळ्यांत नामांकित गळतीवाल्याला बोलावलं, आणि त्याची मुलगी कोण याची चौकशी करायची अक्कल त्याला झाली नाही.

डांबरशेठ वर आले ते लढाईवर निघाल्यासारखे. गळती सापडायला दहा मिनिटं लागली. कठड्याजवळच्या नळाचा सांधा सुटला होता. मुळांचा काडीचा संबंध नव्हता, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला. आता त्यांच्या धंद्यातला पहिला नियम असा, की डांबर तापवायच्या आधी जागा झाडून साफ करायची. सांध्यापुरती दोन हात जागा पुरली असती. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. हात एकदा उपटायला लागले ते आठही चौकोन संपेपर्यंत थांबले नाहीत. दोऱ्या त्यांनी नीट गुंडाळून ठेवल्या, पट्ट्या पुसून ठेवल्या. दुसऱ्याच्या सामानाला ते धक्का लावत नसत. आणि उपटलेला सगळा ढीग, वाळका, हलका, चटकन पेट घेणारा, त्यांनी खाली अंगणात नेला आणि डांबराच्या पिपाखाली घातला. हे मुद्दाम केलं की नाही, हे त्यांनी पुढे कितीदा स्वतःला विचारलं. खरं उत्तर देण्याइतके ते स्वतःशीही प्रामाणिक नव्हते, असं माझं मत आहे.

दुपारी लेक परत आली. समोर उघडी पडलेली माती आणि कठड्यापाशी उकिडवे बसून सांध्यावरून ब्रश फिरवणारे वडील. तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज चढला नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्याशी थेट बोलली.

“इथलं कुठे आहे सगळं?”

“कचरा होता. वाळलेला.”

“कुठे आहे, बाबा?”

त्यांनी ब्रशनेच सांध्याकडे खूण केली. डांबर अजून वाफाळत होतं. तिला कळायला क्षणभर लागलं. मग ती खाली बसली, गुंडाळलेल्या दोऱ्या उचलल्या, आणि घरी जाऊन आईला म्हणाली की तुझ्या नवऱ्याचं तोंड मला या जन्मात बघायचं नाही. आईने पहिल्यांदाच निरोप पोचवला नाही.

तिसऱ्या दिवशी छापखान्याच्या बैठकीच्या खोलीत समिती बसली. गळतीचा जबाब द्यायला डांबरशेठना बोलावलं होतं. बारा चौकोनांचे आकडे वाचले तेव्हा समितीतले तिघंही मान डोलवत होते, कारण आकडे अपेक्षेपेक्षा चांगले होते. मग लेकीने उरलेले आठ वाचले. शून्य. शून्य. शून्य. ती प्रत्येक वेळी नवं असल्यासारखं ते वाचत होती, आणि वडील खुर्चीत चुळबुळ करत होते. सरासरी घसरून ठरलेल्या आकड्याच्या खाली गेली.

“शून्य कसं?” डांबरशेठ उभे राहिले. “पाव पीप डांबर वितळलं त्यावर. वर एक काडी घालावी लागली नाही. पाव पिपाला सोळा किलो सुकं लाकूड लागतं, चाळीस वर्षं लागतंय. लिहा सोळा.”

खोलीत कोणी हसलं नाही. अध्यक्षांना आकडा पटला. त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि अनुभवी माणसाचा अंदाज म्हणून हे धरता येईल, असं सुचवलं. सोळा धरले तर सरासरी भरत होती. सहा गच्च्या, तिची पाच वर्षं, तिची नोकरी, सगळं त्या एका शब्दावर येऊन थांबलं. व्यवस्थापक तर मानेनेच तिला हो म्हण, हो म्हण असं खुणावत होता.

“नाही,” लेक म्हणाली. “आपण गच्चीवर काय साठलंय ते मोजतोय. ते जळलं, म्हणजे परत हवेत गेलं. गच्चीवर काही नाही. शून्यच लिहा.”

डांबरशेठ खाली बसले. छपराचा एक कोपरा ओला राहिला तर पैसे न घेता पुन्हा करणारा हा माणूस. समोर बसलेली आपल्याच हाडाची आहे हे त्यांना तेव्हा कळलं.

गच्ची उखडायचा हुकूम निघाला. माती काढून नवा डांबरी थर द्यायचं काम व्यवस्थापकाने मोठ्या प्रेमाने डांबरशेठनाच देऊ केलं. पाच वर्षं त्यांनी याच दिवसाची वाट पाहिली होती. त्यांनी व्यवस्थापकाला त्याच्या मेजापाशी उभं राहून असं सुनावलं, की शेजारच्या खोलीतल्या छपाई कामगारांनी यंत्रं बंद करून ऐकलं. काम दुसऱ्याला मिळालं.

माती आणि झाडं भरलेल्या गोण्या ट्रकमध्ये चढत होत्या तेव्हा डांबरशेठ रस्त्यावर उभे राहून हमालांशी भांडत होते. मुळं तुटतायत, गोणी आपटू नका, तुमच्या बापाचं आहे का. भांडून भांडून त्यांनी चौदा गोण्या हातगाडीवर काढून घेतल्या आणि स्वतःच्या घराच्या गच्चीवर चढवल्या. ती गच्ची म्हणजे त्यांच्या धंद्याची पाटी होती, काळी कुळकुळीत, चाळीस वर्षांत तिच्यावर पान टिकू दिलं नव्हतं. तिच्यावर त्यांनी चार बोटं जाडीची माती पसरली आणि मुळं एकेक करून दाबून बसवली. ही झाडं जगतील याची त्यांना काहीच खात्री नव्हती.

संध्याकाळी लेक वर आली. आई जिन्यात उभी होती. लेकीने सवयीने तिच्याकडे वळून सांगितलं, की तुझ्या नवऱ्याला सांग, माती एका बाजूला जास्त झाली आहे, गळेल.

“मी आता टपाल पोचवणार नाही,” आई म्हणाली आणि खाली निघून गेली.

डांबरशेठ माती सारखी करता करता म्हणाले, “माझं छप्पर गळत नाही.”

लेकीने खिशातून गुंडाळलेली दोरी काढली. त्यांनीच गुंडाळली होती, गाठ अजून तशीच होती. तिने ती सोडली आणि एक चौकोन आखला.

“मोजायला पाच वर्षं लागतात,” ती म्हणाली.

“तोवर मी त्र्याहत्तरचा होईन.”

“होऊ दे. तोवर हात आवरा.”

डांबरशेठनी मातीत रुतलेले दोन्ही हात बाहेर काढले आणि मांडीवर ठेवले.