माझ्या कानाचं उद्घाटन

ऐकू येणं हा मानवी संस्कृतीचा पाया आहे. हे वाक्य माझं नाही. माझ्या कानातलं यंत्र सुरू करण्याच्या समारंभात ते फ्लेक्सवर छापलं होतं, माझ्या फोटोच्या वर आणि ट्रस्टच्या अध्यक्षांच्या फोटोच्या बरंच खाली.

पंचावन्नाव्या वर्षी एका तापात माझे दोन्ही कान गेले. पुढची चार वर्षं मी लोकांचे ओठ वाचून काढली. मग या ट्रस्टच्या कृपेने कानाच्या आत बारीक तारा बसवण्याची शस्त्रक्रिया झाली. जखम भरली की बाहेरचं यंत्र जोडतात आणि एकेका तारेतून आपल्याला किती वीज सोसते ते संगणकावर ठरवतात. याला मॅपिंग म्हणतात. हे काम बंद खोलीत दोन माणसांनी शांतपणे करायचं असतं. माझं मंगल कार्यालयात झालं, दोनशे माणसांसमोर.

दुष्काळाचा दुसरा उन्हाळा होता. नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी यायचं. अध्यक्ष शेंद्र्याच्या बाजूला प्लॉट पाडून विकत असल्यामुळे त्यांना टंचाईची सवय नव्हती. त्यांनी मंचासमोर कारंजं लावलं होतं.

तंत्रज्ञ एकेक 'टूं' वाजवायचा आणि हाताने विचारायचा, ठीक? मी पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कारकुनी केली आहे. साहेब लोक समोर बसलेले असताना कुणी 'ठीक?' विचारलं की माझी मान आपोआप हलते. ती हलत राहिली आणि आवाज चढत राहिला. "वाढवा, वाढवा," अध्यक्ष म्हणत होते; त्यांचे ओठ वाचायला अगदी सोपे होते. "लोकांना दिसलं पाहिजे."

मग प्रमुख पाहुण्यांनी कळ दाबली. पत्र्याच्या डब्यात खिळे घालून कुणी तो डोक्यात हलवावा तसं झालं. माझा डावा डोळा फडफडायला लागला आणि त्यातून पाणी आलं. अध्यक्षांनी माइक ओढला. "बघा, डोळे भरून आले!" दुसऱ्या दिवशी पेपरातही तसंच छापून आलं. खरं तर एका तारेतली वीज चेहऱ्याच्या नसेला लागत होती. पाहुण्यांनी विचारलं, "ऐकू येतंय का?" अशा वेळी दुसरं काही विचारतच नाहीत, म्हणून मी "हो" म्हणालो. टाळ्या पडल्या. टाळ्या कुठल्या आणि कारंजं कुठलं, हे मला सांगता आलं नसतं.

बायकोसाठी मी हे सगळं अंगावर घेतलं होतं. ती गंगापूरकडची. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराबद्दल तिचं एक मत असे आणि मी ते रोज संध्याकाळी ऐकत असे. कान गेल्यावर ती एकेका शब्दावर आली. चहा. गोळी. पाणी आलं. समारंभाहून घरी आल्यावर ती ओट्याशी, माझ्याकडे पाठ करून, तासभर बोलली. मी मान हलवत राहिलो.

"मी काय म्हणले, सांगा," तिने वळून विचारलं.

मला सांगता येईना. तिने माझ्याकडे नीट बघितलं. "लई थाटात सुरू केलं की," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चहा, गोळी, पाणी आलं.

तंत्रज्ञाकडे दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्याने आवाज वाढवला. नातेवाइकांचंही हेच मत होतं. यंत्र भारीतलं आहे, कमी कशाला ठेवायचं? डोळ्याच्या फडफडीचा वेग तेवढा वाढला.

चार महिन्यांनी कुणीतरी उस्मानपुऱ्यात मॅपिंग करणाऱ्या एका बाईंचा पत्ता दिला. औषधाच्या दुकानावर एक खोली. त्यांनी आधी पंखा बंद केला आणि समोर एक तक्ता ठेवला. 'ऐकूच येत नाही'पासून 'सहन होत नाही'पर्यंत चौकोन. पहिल्याच आवाजाला मी सवयीने 'ठीक'वर बोट ठेवलं.

त्यांनी कागदावर लिहिलं, "काका, डोळा मिटला तुमचा. हे ठीक? मला खूश करायला आलात का?"

मी बोट शेवटच्या चौकोनावर नेलं. आयुष्यात सरकारी किंवा खाजगी माणसाला 'सहन होत नाही' असं मी पहिल्यांदाच कळवत होतो. सगळी दुपार त्यात गेली. जवळपास प्रत्येक तार खाली आली, एक कायमची बंद झाली, आणि शेजारशेजारच्या दोन-दोन तारा वाजवून त्यांचा आवाज सारखा केला.

"आवाज कमी केल्यावर कळंल कसं?" बरोबर आलेल्या बायकोने विचारलं.

बाईंनी उत्तरही लिहूनच दिलं, म्हणजे मलाही वाचता यावं. "काकू, एवढ्या मोठ्याने सगळी अक्षरं सारखीच लागतात. आता वेगळी होतील. पण लगेच नाही. रोज यांच्या मागे बसून पेपर वाचा."

टाळ्या पडल्या नाहीत. पंखा लावला, एवढंच.

बायको रोज माझ्या पाठीमागे बसून वाचू लागली, आणि दर पंधरा दिवसांनी बाई दोन-चार तारा इकडेतिकडे करत. आधी नुसता हेल कळायचा, मग आकडे, मग शब्दांचे शेवट. धरणातल्या मृतसाठ्याची बातमी आणि पोहण्याच्या तलावासकट फ्लॅटची जाहिरात एकाच पानावर असायची. बायको दोन्ही एकाच सुरात वाचायची. मधेच थांबून काहीतरी पुटपुटायची, ते मात्र निसटायचं. मला नेमकं तेच हवं होतं.

असे दोनेक महिने गेले. एका शुक्रवारी मी बाहेर खुर्चीत होतो, ती आत ओट्याशी, पाठ करून.

"नुसते बसून काय ऱ्हायले, दळण टाकून या. गिरणी सहाला बंद व्हते."

"ज्वारीचं का बाजरीचं?" मी विचारलं.

आत भांड्यांचा आवाज थांबला. मग ती म्हणाली, "दोन्ही. आन् त्या गिरणीवाल्याला म्हणा, मागच्या वेळेस पीठ भरडं दिलं व्हतं. त्याची बायको माहेरी गेली की त्याचं ध्यान नसतं कामात."

मी दोन्ही डबे घेऊन निघालो. गिरणी बंद होती. शुक्रवारी त्या भागात भारनियमन असतं.